गंजलेली जुनी फियाट घरी दुरुस्त करायची आहे? सुरुवात इथून करा

मराठवाड्याची हवा कोरडी, मग इथल्या गाडीला गंज लागतोच कसा? गाडीखाली वाकून पाहिलं की उत्तर मिळतं. चाकाच्या कमानीत आणि दाराखालच्या पट्टीच्या टोकाला काळी माती घट्ट बसलेली असते. पाऊस उघडतो, रस्ता वाळतो, पण ही माती आतून ओलीच राहते आणि पत्र्याला ओल देत राहते. उन्हाळ्यात काचेच्या रबराला तडे जातात, त्यातून मृगाचं पाणी आत उतरतं आणि चटईखालच्या नमद्यात (जाड फेल्टच्या थरात) मुरतं. गाडी शेतातल्या शेडमध्ये दहा वर्षं उभी असेल, तर उंदरांनी केलेली घरटी आणि त्यांचं मूत यांनी तोच पत्रा आणखी खाल्लेला असतो.

म्हणून आधी पाण्याची वाट शोधायची आणि मगच पत्रा कापायचा. वाट न शोधता लावलेलं ठिगळ काही पावसाळ्यांत पुन्हा फुगतं, कारण पाणी अजून तिथूनच येत असतं.

उदाहरणासाठी आम्ही प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट धरली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली ही गाडी मराठवाड्यात डॉक्टर, वकील, सावकार अशा अनेकांच्या दारात होती. अँबेसेडर आणि जीप यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतात. मोठा फरक असा की जीपला वेगळी चासी असते, तर फियाट आणि अँबेसेडर यांना नसते. त्यांचा पत्रा म्हणजेच सांगाडा. त्यामुळे फियाटची दाराखालची पट्टी सडली, तर गाडीचा कणाच कमजोर होतो.

आधी कागद

पान्याला हात लावण्याआधी आरसी बुक शोधा. वाड्यातल्या गाडीचं आरसी बरेचदा आजोबांच्या नावावर असतं. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. विकत घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते थकलं असेल तर किती दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल, हे तुमच्या जिल्ह्याच्या आरटीओत आधीच विचारून घ्या.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. मूळ रूप बदललं, म्हणजे इंजिन किंवा बॉडी वेगळीच बसवली, तर हा दर्जा मिळत नाही. हे आत्ताच ठरवा, कारण ‘डिझेल इंजिन बसवू, स्वस्त पडेल’ असा सल्ला देणारे खूप भेटतील.

चासी नंबर आणि इंजिन नंबर शोधून, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि आरसीशी ताडून पाहा. नंबर कोरलेल्या पत्र्यावर ग्राइंडर, अ‍ॅसिड किंवा पुट्टी काहीही लागू देऊ नका. तो नंबर पुसला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी रस्त्यावर आणता येणार नाही.

गाडी कुठे सडली आहे ते पाहणं

एक लहान चुंबक रुमालात गुंडाळा. पत्र्यावर फिरवताना जिथे तो धरत नाही, तिथे आत पुट्टी जाड भरली आहे. सोबत टॉर्च आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर घ्या. संशय असलेल्या जागी जोर देऊन टोचा. आत गेला तर तो भाग गेला असं धरा. रंग चांगला दिसतोय म्हणून टोचायला कचरू नका, बाहेरचा रंग काहीच सांगत नाही.

पाहायच्या जागा: दोन्ही दाराखालच्या पट्ट्या, विशेषतः पुढचं आणि मागचं टोक, ड्रायव्हरच्या पायाखालची फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, बॅटरीखालचा ट्रे, डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला टेकतात ते हँगर. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची आहे. फ्लोअरला भोक पडलं तर ठिगळ लावता येतं, पण हँगरभोवतीचा पत्रा सडला असेल तर मागचा अ‍ॅक्सल नीट जागेवर राहणार नाही. हँगर, पुढच्या सस्पेन्शनची बैठक आणि दोन्ही पट्ट्या असं सगळंच गेलं असेल, तर पहिल्या कामासाठी ही गाडी घेऊ नका. दुसरी शोधा. ही गाडी सुट्या भागांसाठी ठेवली तरी तिचा उपयोग होईल.

दार उघडून किंचित वर उचलून पाहा. हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. दार बंद केल्यावर वरची फट आणि खालची फट वेगळी दिसत असेल, तर गाडी मधून वाकली असू शकते.

पाण्याची वाट

ही पायरी बहुतेक लोक वगळतात. काचा आणि रबरं अजून बसलेली आहेत तोवरच ती करता येते. सीटं आणि चटया काढा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने संथ पाणी सोडायचं. आधी खालच्या भागावर आणि मग वर जात जायचं, म्हणजे पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळतं. क्रम असा: दारं, काचेपुढची हवा आत घेणारी जाळी, पुढची काच, डिकी, मागची काच, छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबा. पाणी दिसलं की खडूने खूण करा आणि फोटो काढा.

काचेपुढच्या जाळीखालचा कप्पा इथे हमखास तुंबलेला असतो. कडुलिंबाची पानं आणि धूळ यांचा लगदा निचऱ्याच्या भोकात बसतो, मग पाणी साचून आतल्या पत्र्यावरून पायाखाली उतरतं. दाराच्या खालची भोकंही अशीच बुजतात, किंवा मागच्या रंगकामात पुट्टीने बुजवलेली असतात. काचेवरून दारात पाणी शिरणं नैसर्गिक आहे, पण ते खालून बाहेर पडायला हवं. सगळी भोकं जाड तारेने मोकळी करा आणि त्यांची जागा वहीत लिहून ठेवा. नवा पत्रा लावताना तीच भोकं पुन्हा पाडायची आहेत.

गोठ्यातून गाडी काढताना सीटखाली, बॉनेटमध्ये आणि डिकीत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. साप आणि गांधीलमाश्यांची पोळी दोन्ही सापडतात. उंदरांची घाण कोरडी झाडू नका. जंतुनाशक पाणी शिंपडून, मास्क आणि हातमोजे घालून भरा.

जागा आणि हत्यारं

गाडीभोवती चारही बाजूंनी किमान अडीच-तीन फूट मोकळी जागा, वर पत्रा आणि खाली सिमेंट किंवा शहाबादी फरशी हवी. मातीवर जॅक रुततो. फियाट साधारण ९०० किलोची आहे, पण तेवढं वजन अंगावर यायला एक क्षण पुरतो. जॅकने फक्त उचलायचं, टेकवायचं ते जॅक-स्टँडवर. विटा, फाडी दगड, लाकडी ओंडके यांच्यावर गाडी ठेवून खाली जाऊ नका. वीट दाबाखाली न सांगता फुटते.

फियाटला मेट्रिक पाने चालतात. अँबेसेडर आणि जीपला इंचाचे लागतात. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण तो नटाचे कोपरे खातो आणि मग नट निघतच नाही. बाकी यादी: सहा कोनी सॉकेटचा संच, हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (दाराच्या बिजागरीच्या स्क्रूंसाठी), ४ इंची ग्राइंडर, त्याला तारेचा कप आणि ८० नंबरच्या फ्लॅप डिस्क, चष्मा, फेसशील्ड, चामडी हातमोजे, अग्निशामक. जुने पाने आणि व्हाइस छत्रपती संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मिळतात. फियाटचे सुटे भाग मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत कुर्ल्याकडे शोधावे लागतात.

धुळीसाठी एन-९५ मास्क घाला. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस. ब्रेकच्या ड्रममधली भुकटी हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सुटी करण्याचा क्रम

सगळी गाडी एकदम खोलायची नाही. खोललेली गाडी अर्धवट राहते, डबे हरवतात आणि शेवटी भंगारात जाते. एक भाग खोला, बरा करा, प्रायमर मारा, मग पुढचा. पहिला भाग म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची फ्लोअर घ्या. चूक झाली तरी चटईखाली राहते आणि वेल्डिंगचा हात बसतो. बॉनेट आणि दाराचा बाहेरचा पत्रा सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून अंगणात उघड्यावर ठेवा आणि पेट्रोलची नळी रिकामी करा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिला घरी कधीही वेल्डिंग करू नका.

प्रत्येक बोल्टसाठी झिप पिशवी, त्यावर मार्करने नाव आणि आत कागदाची चिठ्ठी. बाहेरचं नाव ग्रीसने पुसलं जातं. वायरींना कापडी चिकटपट्टीवर नंबर लिहा. फोटो दोन काढा: एक लांबून, एक जवळून.

गंजलेला बोल्ट लगेच जोर लावून फिरवू नका. तारेच्या ब्रशने आटे घासा, पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्या, आधी किंचित आवळून पाहा, मग सोडवा. नुसतं डिझेल चालतं असं म्हणतात, पण पेनिट्रेटिंग ऑइलच वापरा. तरीही हलला नाही तर नट तापवा, अर्थात आसपास पेट्रोल, रबर, ऑइल नसताना. तुटला तरी घाबरू नका. फ्लोअर आणि बंपरचे बोल्ट तुटण्यासाठीच असतात, पण इंजिनच्या हेडचा स्टड तुटला तर काम मोठं होतं. तिथे घाई नको.

इंजिन बंद पडलेलं असेल तर सुरू करायचा मोह आवरा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेलचं मिश्रण सोडा. दोन-तीन दिवसांनी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून. स्टार्टर मारला आणि पिस्टन चिकटलेला असला, तर रिंग मोडते किंवा रॉड वाकतो. मोकळं झालं की प्लग परत लावा, वर कापड झाका आणि पत्र्याकडे वळा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, आत क्षार साचून नळ्या बुजतात.

गंज काढणं

सुट्या होणाऱ्या लहान भागांसाठी, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, बॅटरी ट्रे, सायट्रिक अ‍ॅसिड उत्तम. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. १० लिटर पाण्याला अर्धा ते एक किलो. आधी केरोसीनने ग्रीस काढा, नाहीतर आम्ल लोखंडापर्यंत पोहोचत नाही. भाग पूर्ण बुडवा, सहा-आठ तासांनी पाहा, ब्रशने घासा. दोन-तीन दिवस विसरलात तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं.

गुंतागुंतीच्या भागांना विजेची पद्धत. प्लॅस्टिकच्या टबमध्ये दर ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, एका बाजूला साधी लोखंडी सळई, मधोमध गंजलेला भाग. दोघं एकमेकांना टेकायला नकोत. १२ व्होल्ट चार्जरची ऋण तार भागाला, धन तार सळईला. उलटं लावलंत तर तुमचा भागच विरघळेल. नवे स्मार्ट चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालू होत नाहीत, जुना ट्रान्सफॉर्मरवाला हवा. बुडबुडे म्हणजे हायड्रोजन, म्हणून उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. सळईऐवजी स्टेनलेस स्टीलचं भांडं वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. स्प्रिंगा आणि कडक बोल्ट या पद्धतीत किंवा अ‍ॅसिडमध्ये टाकू नका. हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात.

फरशी धुवायचं अ‍ॅसिड स्वस्त आणि झटपट म्हणून बरेच मिस्त्री वापरतात. ते टाळा. त्यातले क्लोराइड सांध्यांत राहतात आणि रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो. त्याची वाफ शेडमधल्या तुमच्या पान्यांनाही गंजवते.

बॉडीच्या पत्र्यावर तारेचा कप आणि फ्लॅप डिस्क चालवा. एका जागी थांबू नका, पातळ पत्रा तापून फुगतो आणि परत सपाट होत नाही. सँडब्लास्टिंग वाळूज, चिकलठाणा भागात करून मिळतं, पण चाकं, सस्पेन्शनचे हात, ब्रॅकेट एवढ्यांसाठीच द्या. बॉनेट आणि दारं दिली तर लाटा पडून परत येतील. ब्लास्ट करून आणलेल्या भागाला त्याच दिवशी प्रायमर मारा.

शेवटचं धुणं आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर रंगाखाली राहिला तर तिथे पुढे फोड येतात.

कापणं आणि जोडणं

सडक्या भागाच्या दीड-दोन सेंटीमीटर पलीकडे, चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. कडेचा पातळ झालेला पत्रा वाचवायला गेलात तर वेल्डिंगला भोकंच पडतील. पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून पाहा, मग पत्रा कापा. फ्लोअरसाठी १८ गेज, बाकी बॉडीसाठी २० गेज सीआरसीए (थंड लाटलेला, जस्त नसलेला) पत्रा. घरावर घालतात तो जस्ती पत्रा नको. वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर होऊन ताप येतो आणि जोडही कच्चा राहतो.

दाराखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप तिरपा टाचून घ्या आणि दार बसवून फटी मोजा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही पट्ट्या एकदम कापल्या तर गाडी मधून खचते. नवी पट्टी लावल्यावर ती त्याच खचलेल्या आकारात पक्की होते आणि मग दारं लागत नाहीत.

एवढ्या पातळ पत्र्याला रॉडचं आर्क वेल्डिंग भोक पाडतं, गॅस वेल्डिंग वाकवतं. मिग वेल्डिंग घ्या, म्हणजे मशीनमधून आपोआप पुढे येणाऱ्या तारेचं: ०.६ किंवा ०.८ मिमीची तार आणि जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस. मशीन घरच्या साध्या प्लगवर लावू नका. १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. वायर लांब असेल किंवा गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, तर जोड नुसता वर बसतो, आत शिरत नाही. म्हणून सकाळी करा. दर दीड-दोन इंचांवर एक टाका, पुढचा टाका लांब दुसऱ्या टोकाला, असं करत मधली जागा भरा. ओल्या फडक्याने थंड करू नका, आपोआप निवू द्या. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबून खालून-आतून पाहा. नमद्याचा राहिलेला तुकडा धुमसत राहतो.

वेल्डिंग शिकायला वेळ नसेल तर कापून, साचा बनवून, पत्रा बसवून ठेवा आणि वेल्डरला घरी बोलवा. तरीही निम्म्याहून अधिक काम तुमचंच.

प्रायमर आणि त्यानंतर

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो. नुसता मारून गाडी पावसाळाभर ठेवली तर त्याच्या आरपार गंज येतो. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. फ्लोअरला आतून-बाहेरून दोन हातांसाठी सुमारे दोन लिटर लागतो. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं, त्याचा काळा थर करणारं रसायन) मारलेल्या जागी इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून तो वापरला असेल तर पूर्ण धुऊन, घासून मगच मारा. पत्रा हाताला सोसवेल इतकाच गरम हवा. एप्रिल-मेच्या दुपारी प्रायमर पत्र्यावर बसायच्या आत वाळतो आणि खरखरीत होतो. हिवाळ्यात पहाटेचं दव वाळेपर्यंत थांबा. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा.

प्रायमर वाळल्यावर सांध्यांवर सीलर भरा. पुट्टी हवीच असेल तर प्रायमरवर, तीन मिमीहून जाड नाही. पुट्टी पाणी शोषते, उघड्या पत्र्यावर ती गंजाला घर करून देते. गाडीखाली डांबरी कोटिंग करायचं तर फक्त निरोगी, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते आणि बाहेरून काही दिसतही नाही. वॉशिंग सेंटरवर वापरलेल्या ऑइलचा फवारा घेऊ नका, सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून सडतात आणि धूळ चिकटते.

दाराखालच्या पट्ट्यांच्या आत, रंग झाल्यावर, निचऱ्याच्या भोकांतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचं गंजरोधक मेण) सोडा. भोकांतून थेंब गळू लागले की पुरे. गळून थांबलं की भोकं तारेने पुन्हा मोकळी करा.

पहिला पावसाळा जाईपर्यंत नमदा आणि चटया बसवू नका. प्रत्येक मोठ्या पावसानंतर फ्लोअरवर कोरडा कागद फिरवा. पुढच्या कोपऱ्यात ओल आली तर काचेचं रबर किंवा जाळीखालचा कप्पा पाहा. मागे आली तर डिकीचं रबर. मधोमध आली तर बहुतेक वेळा तुमच्या वेल्डिंगच्या टाक्यांत सुईएवढं भोक राहिलं आहे. खालून टॉर्च लावून शोधा, ती जागा घासून पुन्हा प्रायमर मारा आणि मगच सीलर लावा.